एका वस्तूची बिल्टी फाडा

आमची नात बारावी कॉमर्सला आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिला प्रकल्प मिळाला होता, जागतिकीकरणाचा इतिहास आणि कारणं. पहिल्याच पानावर तिनं रंगीत पेननं लिहिलं होतं, ‘जागतिकीकरण १९९१ साली सुरू झाले.’ मी शेजारी बसून ब्याडगी मिरचीचे देठ मोडत होतो.

‘मग ही मिरची १९९१ साली आली काय गं?’

‘आज्जा, मिरची आपलीच की. ब्याडगीची.’

‘आणि ब्याडगीच्या आधी कुठली?’

पोरगी गप्प. सुट्टीचे उरलेले चार दिवस आम्ही दोघांनी मिळून जे केलं, ते इथं लिहून ठेवतोय. तुमच्या घरात असा प्रकल्प आला असेल, किंवा नुसतंच कुतूहल असेल, तर तुम्हालाही करता येईल. पुस्तकं लागतातच, पण नंतर.

मी मास्तर नाही. १९८० पासून २०१८ पर्यंत बेळगावात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बुकिंग क्लार्क होतो. अडतीस वर्षं बिल्ट्या फाडल्या. कार्बन घालून दाबून लिहायचं, म्हणजे खालच्या प्रतीवरही उठतं. मधल्या बोटाचा घट्टा अजून गेलेला नाही. ज्यांना बिल्टी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. लॉरीत माल चढला की जी पावती फाडतात ती बिल्टी. माल काय, किती नग, वजन किती, कुठून कुठे, कुठल्या वाटेनं, पाठवणारा कोण, घेणारा कोण, भाडं कुणी भरायचं (आधीच भरलं असेल तर ‘पेड’, माल पोचल्यावर भरायचं असेल तर ‘टू-पे’), जोखीम कुणाची, सगळं एका कागदावर. मोठमोठ्या ग्रंथांत जागतिकीकरणाची जी व्याख्या देतात ती वाचून माझं डोकं भणभणलं. पण बिल्टीचे रकाने मला पाठ आहेत, आणि जगाच्या व्यापाराला याहून वेगळे रकाने लागत नाहीत. म्हणून आमची पद्धत सोपी: घरातली एक वस्तू घ्यायची आणि तिची बिल्टी फाडायची. अगदी पाचशे वर्षं मागून.

वस्तू निवडताना एकच पथ्य पाळा. मोबाईलपासून सुरुवात करू नका. सगळी पोरं तेच करतात आणि ‘चीन’ लिहून मोकळी होतात. स्वयंपाकघरात जा. जे पोत्यातून येतं, वजनावर विकतं आणि आजीलाही माहीत असतं, ते उचला. मिरची, बटाटा, रताळं, शेंगदाणा, तंबाखू, चहा. आमच्या नातीनं काजू घेतला, कारण डब्यात दिवाळीचे उरले होते.

पहिला रकाना: माल

वस्तूचं नाव लिहा आणि ते मोठ्यानं म्हणून बघा. नाव पुष्कळदा बोलतं. काजू हा शब्द ब्राझीलच्या तुपी लोकांच्या ‘अकाजू’वरून पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडं आला. बटाटा, कोबी, अननस हेही त्याच जहाजातले. आणि नुसती खाण्याची नावं नव्हेत. आमच्या मार्केट यार्डात सकाळी उभं राहा: बटाट्याचा लिलाव चाललाय, हमाल घमेलं उचलतोय, कुणी बादलीनं पाणी मारतंय, कुणाचा पगार थकलाय. लिलाव, घमेलं, बादली, पगार, चारही शब्द पोर्तुगीज. गोवा इथून जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटर, तेव्हा नवल नाही. गंमत बटाट्याची. ‘बटाटा’ हे कॅरिबियन बेटांवरचं मूळ नाव रताळ्याचं होतं. आमच्या बेळगाव-खानापूरच्या लाल मातीत पिकणारी, उपासाच्या दिवसांत गाड्या भरभरून उत्तरेकडं जाणारी जी रताळी आहेत, त्यांचं नाव दुसऱ्यानंच पळवलं.

पण नावावर आंधळा विश्वास ठेवू नका. मी स्वतः त्यात फसलोय. आमच्या घरी आईची लोणच्याची बरणी आहे, चिनी मातीची. नातीला मी ऐटीत सांगितलं, ही चीनहून आलेली, लिही. तिनं बरणी उलटी केली. बुडाला गुजरातमधल्या एका गावाचं नाव छापलेलं. पोरगी हसून हसून पडली. चीनचं ते नुसतं नावच. तेव्हापासून आमचा नियम झाला, की वस्तू उलटी केल्याशिवाय रकाना भरायचा नाही. मिरचीचं उलट आहे. तिचं नाव आपल्या मिरीवरून पडलं, आणि ती स्वतः मात्र अमेरिका खंडातली. पोर्तुगीज येण्याआधी इथं तिखट म्हणजे मिरीच. तांबड्या तिखटाशिवाय बेळगावचं जेवण डोळ्यांसमोर आणून बघा. मला तरी जमत नाही.

दुसरा रकाना: कुठून

इथं एक ओळ पुरत नाही, दोन आखा. एक ‘मूळ गाव’, दुसरी ‘शेवटचं लोडिंग’. बहुतेक चुका या दोन ओळींची सरमिसळ केल्यानं होतात.

काजूचं मूळ गाव ब्राझील. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो गोव्यात आणला, तिथून घाट चढून खानापूर-चंदगडच्या डोंगरांत आला आणि असा रमला की आता तो परका म्हटलं तर लोक भांडायला उठतील. हे झालं मूळ गाव. आता शेवटचं लोडिंग बघा. आमच्याकडच्या काजू कारखान्यांना इथली बी वर्षभर पुरत नाही. पुढं आफ्रिकेची बी येते. मंगळूर बंदरावर उतरलेली पोती आमच्या गाड्यांतून यायची, ऐंशी किलोचं एकेक पोतं, जाड ताग, उचलताना हमाल शिव्या घालायचे. पोत्यावर निळ्या शाईत छाप. एकदा मी अक्षरं लावून वाचली: कोत दिव्वार. घरी येऊन शाळेच्या नकाशात शोधलं. आज जगात सगळ्यात जास्त कच्चा काजू त्याच देशात पिकतो. म्हणजे बघा, झाड ब्राझीलचं, ते आफ्रिकेत नेलं पोर्तुगीजांनीच, बी आफ्रिकेची, फोडणाऱ्या बाया खानापूर तालुक्यातल्या.

काजू हातात घ्याच. चार किलो बी फोडली की साधारण एक किलो गर निघतो. पांढरा अख्खा गर ‘डब्ल्यू-३२०’, मोठा ‘डब्ल्यू-१८०’. इतकी वर्षं मी हे आकडे बिल्टीवर लिहीत आलो आणि मला वाटायचं हा कारखान्याचा काहीतरी नंबर असणार. तो नंबर म्हणजे एका पौंडात बसणारे काजू. जास्तीत जास्त तीनशेवीस बसले तर डब्ल्यू-३२०. आपण किलोत विकतो, किलोत खातो, पण प्रतवारी पौंडात, कारण विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात केरळातल्या कोल्लमहून काजू अमेरिकेला जायला लागला आणि मोजमाप गिऱ्हाइकाचं चाललं. माप कुणाचं चालतं हे बघितलं, की बाजारात वजन कुणाचं आहे ते कळतं.

टरफलाचंही सांगतो, कारण ते मला फार आवडतं. काजूच्या टरफलात काळं तेल असतं, हाताला लागलं तर कातडी भाजते. फोडणाऱ्या बाया बोटांना राख किंवा गोडं तेल लावून बसतात, तरी बोटं काळी पडतातच. त्याच तेलापासून ब्रेक लायनरमध्ये घालायची भुकटी बनते. म्हणजे चोर्ला घाट उतरताना आमचा ड्रायव्हर ब्रेकवर पाय दाबतो, त्या ब्रेकात कुठंतरी काजू आहे. हे आमच्या एका जुन्या ड्रायव्हरला सांगितलं तर तो म्हणाला, ‘म्हणूनच गाडी गोव्याकडं आपोआप ओढती की काय!’

तिसरा रकाना: वाया

वाट लिहिताना आजचा हायवे विसरा. बेळगावचं जुनं बंदर वेंगुर्लं. सतराव्या शतकात तिथं डचांची वखार होती, तिचे पडके अवशेष अजून आहेत. वेंगुर्ल्याहून रामघाट चढून बैलांच्या पाठीवर माल इथं यायचा. रामघाट इतका उभा की गाडी चढायची सोय नाही. पुढं इंग्रजांनी बेळगावच्या छावणीसाठी आंबोलीचा घाटरस्ता केला आणि गाड्या चालू झाल्या. मग १८८० च्या दशकात रेल्वे आली. पुण्याकडून बेळगाव-लोंढा, आणि लोंढ्याहून कॅसलरॉक, दूधसागरवरून मुरगाव बंदर. त्यासाठी इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांनी १८७८ मध्येच करार केला होता.

रेल्वे आल्यावर वेंगुर्ल्याचं काय झालं? ओस पडलं. वाईट कुणाचं चिंतलं नव्हतं कुणी. टनामागं भाडं लोंढ्याकडून कमी पडायला लागलं, एवढंच. नातीच्या पुस्तकात ‘जागतिकीकरणामुळे जग जवळ आले’ असं वाक्य आहे. वेंगुर्ल्याच्या माणसाला विचारा. नवी वाट उघडली की जुन्या वाटेवरची चहाची टपरी बंद पडते. जुना हायवे सोडून बायपास झाला तेव्हा आमच्याकडंही तेच झालं. म्हणून ‘वाया’ लिहिताना दोन गावं लिहा, ज्यातून माल गेला ते आणि ज्यातून जायचा बंद झाला ते.

चौथा रकाना: भाडं

इथं वेळ काढा. जगाचा व्यापार कशानं वाढला याचं निम्मं उत्तर या रकान्यात आहे. माल होता, हौस होती, लोभ तर कायमचाच. दोन हजार वर्षांपूर्वीही होता: कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत उत्खननात समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची मूर्ती निघाली, ती काही पंचगंगेत वाहत आली नाही. पण त्या काळी एवढ्या लांबून आणायला परवडायची ती मूर्ती, मोती, मिरी, मलमल. कमी वजन, जास्त किंमत. रताळी कोण आणणार? भाडं उतरत गेलं तसतसा स्वस्त आणि जड माल समुद्र ओलांडायला लागला. मिरीपासून सुरुवात होऊन कापूस, गहू, कोळसा, लोखंड.

भाडं कशानं उतरलं ते क्रमानं सांगतो, पण सगळ्यावर सारखा वेळ घालवत नाही. वाफेची जहाजं. १८६९ मध्ये सुएझ कालवा, त्यामुळं मुंबई-लंडनचं अंतर सुमारे चाळीस टक्क्यांनी घटलं. १८७० मध्ये समुद्राखालून मुंबईपर्यंत तारेची केबल, त्यामुळं लंडनचा भाव मुंबईला महिन्याऐवजी त्याच दिवशी कळायला लागला. हे शेवटचं लोक विसरतात. मी ट्रंक कॉल लावून मुंबईचा भाव विचारण्यासाठी तीन-तीन तास बसलेला माणूस आहे. भाव आधी ज्याला कळतो त्याची गाडी आधी भरते.

आणि मग डबा. कंटेनर.

नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. उद्यमबाग म्हणजे बेळगावची औद्योगिक वसाहत, तिथल्या एका फाउंड्रीचा ओतीव माल परदेशी जायचा होता. लाकडी खोके, आत भुसा, वरती खिळे, बाजूला काळ्या रंगात नंबर. चाळीस नग. इथं हमालांनी चढवले, मुंबईला गोदीवर उतरवले, गोदामात रचले, पुन्हा उचलून जहाजात. दर वेळी हात वेगळे. पोचले सदतीस. तीन नगांवरून सहा महिने पत्रव्यवहार झाला आणि शेवटी बिल्टीवर ‘मालकाची जोखीम’ छापलेलं होतं म्हणून फाउंड्रीवाल्यालाच तोटा सोसावा लागला. बिल्टीवर सही माझी होती. तो माणूस पुढं दोन वर्षं माझ्याशी धड बोलला नाही.

वीस फूट लांब, आठ फूट रुंद, साडेआठ फूट उंच. एवढा एक लोखंडी डबा. माल्कम मॅकलीन नावाचा अमेरिकन मूळचा आमच्याच धंद्यातला, ट्रकवाला. १९५६ च्या एप्रिलमध्ये त्यानं जुन्या तेलवाहू जहाजावर अठ्ठावन्न डबे चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवले. हातानं माल चढवायला तेव्हा टनामागं सुमारे ५.८६ डॉलर लागायचे, डब्यामुळं ते सोळा सेंटच्या आसपास आले. पण एकट्याच्या डब्यानं काही होत नाही. जगभर सगळ्यांचे डबे एकाच मापाचे झाले, क्रेन, जहाज, रेल्वे, ट्रेलर सगळ्यांना ते माप बसायला लागलं, तेव्हा खरा फरक पडला. आपल्याकडं न्हावाशेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं आणि नव्वदच्या दशकात उद्यमबागेचा माल कारखान्याच्या दारातच डब्यात बंद व्हायला लागला. दाराला सील, सीलचा नंबर बिल्टीवर, आणि शेजारी मी लिहायचो, ‘माल सांगितल्याप्रमाणे’. आत काय आहे ते मी बघितलेलं नसायचं. चाळीस खोके मोजणारा क्लार्क तिथंच संपला. मला काही वाईट वाटलं नाही, पाठ दुखायची थांबली.

म्हणून जागतिकीकरण इंटरनेटनं आणलं असं कुणी म्हणालं की मी मान डोलावतो आणि मनात म्हणतो, आधी डबा बघा, मग वायर.

परतीचं भाडं

हा रकाना छापील बिल्टीत नसतो, पण प्रत्येक ट्रकवाल्याच्या डोक्यात असतो. माल पोचवला, परतीला काय भरायचं? रिकामी गाडी म्हणजे तोटा. हा प्रश्न इतिहासाला विचारून बघा, भलताच खुलतो.

वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला. मिरी हवी होती त्याला. पण त्यानं आणलेल्या टोप्या, कापड, तांब्याची भांडी यांना इथं कोण विचारतो? युरोपकडं आपल्याला हवा असा मालच नव्हता. मग त्यांची गाडी इकडं येताना काय भरून आली? चांदी. अमेरिका खंड स्पॅनिश लोकांच्या हाती पडला, १५४५ मध्ये आजच्या बोलिव्हियात पोतोसीचा चांदीचा डोंगर सापडला, आणि तिथल्या मूळ रहिवाशांना खाणीत राबवून काढलेली चांदी जहाजांत भरून युरोपला, तिथून भारत-चीनला. स्पॅनिश जहाजं १५७१ पासून पॅसिफिक ओलांडून थेट मनिलालाही चांदी नेऊ लागली. इंग्रजांना चीनच्या चहासाठी चांदी द्यायचं जड व्हायला लागलं, तेव्हा त्यांनी परतीच्या गाडीत दुसरा माल भरला, भारतात पिकवलेली अफू. चीननं दार लावलं तर तोफा लावून उघडलं. परतीचं भाडं जुळवायला माणूस कुठल्या थराला जातो, ते इथं दिसतं.

पाचवा रकाना: नाका

भाडं कितीही उतरो, नाक्यावर गाडी अडली की अडली. ज्यांनी जीएसटीच्या आधी निपाणी ओलांडून कागलकडं माल नेलाय त्यांना समजावायला नको. कोगनोळीच्या नाक्यावर रात्री अकराला लागलेली गाडी सकाळी सुटायची. इकडं कानडी फॉर्म, तिकडं मराठी शिक्का, मध्ये ड्रायव्हर चहा पीत बसलेला. डबा अटलांटिक ओलांडायचा आणि आमची गाडी दूधगंगा ओलांडायला तेवढाच तिष्ठत बसायची, असं आम्ही थट्टेनं म्हणायचो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि तपासणी नाके उठले. सीमा तीच, रस्ता तोच, ट्रक तोच. फक्त नियम बदलला आणि मुंबईची फेरी अर्ध्या दिवसानं कमी झाली. (सीमेचा मूळ खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो नाका काही उठला नाही. असो.)

हेच मोठं करून बघा, की देशोदेशींचे करार डोक्यात बसतील. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये तेवीस देशांनी आयात जकाती खाली आणायचा गॅट करार केला, त्यात भारतही होता. त्याचीच पुढं जागतिक व्यापार संघटना झाली, १ जानेवारी १९९५ पासून. आपण करारात होतो, पण घरचा नाका घट्ट लावलेला. काही मालावर आयात जकात तीनशे टक्क्यांच्या वर होती. म्हणजे शंभराची वस्तू दारात चारशेला. १९९१ मध्ये तिजोरीत परकी चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं, जवळपास ४७ टन सोनं गहाण टाकावं लागलं, रुपयाची किंमत उतरवली गेली आणि जुलैच्या अर्थसंकल्पात मनमोहन सिंगांनी जकातीचा कमाल दर दीडशे टक्क्यांवर आणला. पुढं तो उतरतच गेला.

आता नातीचं ते पहिल्या पानावरचं वाक्य. मी तिला खोडायला सांगितलं नाही. फक्त ते उचलून या रकान्यात ठेवायला सांगितलं. १९९१ ला नाका उघडला. गाडी त्याच्या जवळपास पाचशे वर्षं आधीपासून चालू होती.

नाका उघडतो तसा बंदही होतो, हेही लिहायचं. सगळे जण चढती रेघ काढतात. १९१४ ते १९४५ दोन महायुद्धं आणि मधली महामंदी, प्रत्येक देशानं आपापली दारं लावून घेतली, व्यापार आटला. अलीकडचं म्हणजे २०२० चा लॉकडाऊन, आणि २०२१ च्या मार्चमध्ये एव्हर गिव्हन नावाचं चारशे मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवं अडकलं तेव्हाचं. उद्यमबागेत तयार माल पडून आणि डबे मिळेनात. त्याच वर्षी जुलैत यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं आणि गाड्या दोन्ही बाजूंना थांबल्या. कालवा सुटला, वेदगंगेनं अडवलं.

सहावा रकाना: जोखीम कुणाची

हा रकाना पोरं रिकामा सोडतात. मला विचाराल तर खरी परीक्षा इथं आहे. बिल्टीवर बारीक अक्षरात छापलेलं असतं, जोखीम मालकाची. जगाच्या व्यापारात ही बारीक अक्षरं शोधायला शिका.

कापूस घ्या. १८४० च्या दशकात इंग्रजांनी धारवाड भागात अमेरिकन जातीचा कापूस रुजवला, ‘धारवाड-अमेरिकन’ नावानं तो बाजारात ओळखला जायचा. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा पाऊण हिश्शाहून जास्त कापूस तिकडून यायचा, तो बंद. झालं, आमच्याकडचे भाव आभाळाला. ज्वारी काढून लोकांनी कापूस लावला, बैलांवर लादून घाट उतरून कुमठ्याच्या बंदराला नेला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला, मुंबईत भलेभले व्यापारी आणि बँका बुडाल्या. युद्ध कुणाचं, आणि उधारी कुणाच्या अंगावर! शेतकऱ्यानं अमेरिकेचं नावही धड ऐकलं नसेल.

किंवा निपाणीचा तंबाखू. हा तर तिहेरी पाहुणा: मूळ अमेरिकेचा, आणला पोर्तुगीजांनी, पसरला आदिलशाहीत. १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापुरात आला, तंबाखू बघून चाट पडला आणि आग्र्याला नेला. अकबरानं दोन-चार झुरके मारले, हकीम नको नको म्हणत राहिले. बेळगाव तेव्हा विजापूरच्याच अमलाखाली, म्हणजे दिल्ली-आग्र्याच्या बादशहाला ही सवय आपल्या मुलखानं लावली म्हणायची. त्याच तंबाखूवर निपाणी उभी राहिली. १९८१ मध्ये भावासाठी शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसले, शरद जोशी त्यांचे पुढारी. मी नवाच होतो, आमच्या गाड्या आडवाटेनं वळवायचं काम माझ्याकडं. एप्रिलमध्ये गोळीबार झाला, माणसं मेली. त्या दिवशी ऑफिसात कुणी बिल्टी फाडली नाही.

तुमच्या वस्तूच्या वाटेवर भाव पडला तर पहिला कोण पडतो? तो माणूस ‘पाठवणारा’ या रकान्यात असतोच असं नाही. काळ्या बोटांच्या बायांचं नाव काजूच्या कुठल्याच कागदावर नव्हतं. आम्ही ते समासात लिहिलं.

शेवटी तुलना करा

एक वस्तू झाली की दुसरी घ्या, यंत्रावरची घ्या. बेळगावच्या वडगावात कुणाच्या घरी माग असेल तर तिथं जा. मागाच्या डोक्यावर जॅकार्ड दिसेल, साडीच्या काठाची नक्षी त्यातून उतरते. ते फ्रान्सच्या लिओनमधलं, १८०४ च्या आसपासचं डोकं. हत्तरगीला जाऊन कारखान्याच्या दारातून बाहेर पडणारी गाडी बघा, तिथं विमानांचे भाग बनतात. काजू ब्राझीलहून आला, विमानाचा भाग बेळगाव जिल्ह्यातून निघतो. दोन बिल्ट्या शेजारी ठेवल्या की पाठवणारा आणि घेणारा कसे जागा बदलतात ते दिसतं, आणि भाडं व नाका हे दोनच रकाने दोन्हीत कळीचे आहेत हेही.

आमच्या नातीनं काजू, मिरची, तंबाखू केलं आणि मग हट्टानं मोबाईलच घेतला. आता घे म्हटलं, आता तुझा हात बसलाय. माल: मोबाईल. नग: एक. वजन: स्वयंपाकघरातल्या काट्यावर १९० ग्रॅम. ‘कुठून’च्या रकान्यात तिनं लिहायला सुरुवात केली. जोडणी एका देशात, चिप दुसऱ्या, काच तिसऱ्या, बॅटरीतला कोबाल्ट काँगोतला असू शकतो. दोन ओळी भरल्या, समास भरला. ‘आज्जा, जागा संपली की.’

बुकिंग क्लार्कला याचं उत्तर माहीत असतं. नग फार झाले की बिल्टीवर लिहितात, ‘सोबतच्या यादीप्रमाणे’, आणि मागं कागद टाचतात. तिनं तसंच केलं. यादी अडीच पानं झाली. मग पेन थांबवून म्हणाली, ‘आणि भाडं? पेड लिहू की टू-पे?’

‘मोबाईलचे हप्ते संपले काय?’

‘अजून सहा राहिलेत.’

‘मग टू-पे लिही.’